हवा लागू नये म्हणून

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी या कमी पावसाच्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली ती सोनं-चांदी गाळायला. पंजाबपासून केरळपर्यंत कुठल्याही सराफ पेठेच्या मागच्या गल्लीत गलाईची भट्टी दिसली, की तिथे मराठी बोललं जात असण्याची शक्यता दाट. या माणसांना रसायनशास्त्राचं पुस्तक कुणी वाचून दाखवलेलं नसतं, पण मुशीतल्या चांदीचा स्वभाव त्यांना पाठ असतो. चांदी वितळली की हवेतला ऑक्सिजन पिऊ लागते, तोही आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट. थिजताना तो सगळा एकदम बाहेर टाकते. वरचा पापुद्रा फुटतो, थेंब उडतात, लगडीला फोड येतात. म्हणून मुशीत सवागी, म्हणजे टाकणखार टाकायचा, वर कोळसा ठेवायचा. सवागी वितळून धातूवर काचेसारखा पातळ थर धरते, कोळसा जवळपासचा ऑक्सिजन खाऊन टाकतो. तापलेल्या धातूची आणि हवेची गाठ पडू द्यायची नाही, एवढाच त्यातला हिशेब.

हाच हिशेब कराड-विटा रस्त्यालगतच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेगळ्या साधनांनी मांडला जातो. तिथल्या पाट्यांवर ‘टिग’ हा शब्द क्वचित असतो. ‘येथे आर्गॉन वेल्डिंग करून मिळेल’ असं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईकही तसंच विचारतं: टाकी स्टीलची आहे, आर्गॉनने जोडून द्या. वेल्डिंगच्या एका अख्ख्या पद्धतीला तिच्यातल्या वायूचं नाव पडावं, याला कारण आहे. या पद्धतीत वायूच सगळं सांभाळतो.

साध्या वेल्डिंगच्या रॉडवर लेप असतो. रॉड जळताना तो लेपही जळतो, त्याचा धूर आणि वरची मळी जोडाला झाकते. जोड थंड झाला की चिपिंग हातोडीने मळी उडवायची. टिगमध्ये असं काही नाही. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची टोकदार कांडी असते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे ठिणगीचा झोत पेटला तरी कांडी वितळत नाही. कारागीर एका हाताने टॉर्च धरतो, दुसऱ्या हाताने फिलर वायर वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडवत जातो. कांडीभोवतीच्या सिरॅमिक नोझलमधून, म्हणजे कपातून, वायूची धार सुटते आणि डबकं, कांडी, वायरचं टोक या तिघांवर पांघरूण घालते. लेप नाही, मळी नाही, दुसरी संधीही नाही. वायू चुकला की जोड चुकलाच.

मग कोणता वायू? उत्तर एका शब्दात देता येतं: आर्गॉन. शुद्ध, कसलीही भेसळ नसलेला. सांगली-साताऱ्याकडच्या शंभरातल्या बहुतेक कामांना हेच उत्तर पुरतं. तरीही पुढची पानं लिहावी लागतात, कारण दुसऱ्या वायूंचा मोह वारंवार पडतो, आणि आर्गॉनच वापरूनही जोड काळे पडतात.

आर्गॉन आपल्या नाकासमोर होता आणि १८९४ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता. लॉर्ड रॅले नायट्रोजनचं वजन करत होते. हवेतून काढलेल्या नायट्रोजनचा एक लिटर भरला १.२५७ ग्रॅम, रसायनांपासून बनवलेला भरला १.२५०. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो तराजूवर ढकलला असता. रॅले आणि विल्यम रॅम्से मागे लागले, आणि हवेत जवळजवळ १ टक्का, नेमकं ०.९३ टक्के, एक वायू लपलेला सापडला जो कशाशीच संयोग करत नव्हता. दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीतल्या हवेत साधारण २६० लिटर आर्गॉन असतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या वेल्डिंगपुरता. हेच रॅम्से पुढे १९०० च्या सुमारास जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी जागा सुचवायला भारतभर फिरले. त्यांनी बंगळूरकडे बोट दाखवलं.

हवेतला हा आर्गॉन आला कुठून, तर खडकांतून. खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अब्जावधी वर्षं झिजत आर्गॉन बनतो. वितळलेला लाव्हा थिजला की त्यानंतर तयार होणारा आर्गॉन आतच अडकतो. तो मोजून खडकाचं वय काढतात. दख्खनच्या काळ्या कातळाचं, म्हणजे सागरेश्वरच्या डोंगरापासून कडेगावच्या माळापर्यंत पसरलेल्या दगडाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं आहे, हे याच वायूने सांगितलं.

टिगमधला दुसरा वायू हेलियम, त्याचा धागा तर याहून जवळचा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण दक्षिण महाराष्ट्रावरून आणि कृष्णाकाठच्या मुलखावरून गेलं. आंध्रात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन बसला होता, विजापूरला कॅप्टन हेग, आणि पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात पिवळ्या-नारिंगी भागात एक ठळक रेघ दिसली. ती सोडियमची असावी असा समज झाला. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट छान आहे, पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच ती रेघ पाहिली आणि ती सोडियमची नव्हे, नव्या मूलद्रव्याची आहे हे पुढे मांडलं. ओट्यांचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ग्रहणाचा पट्टा तिथूनच गेला होता. हेलियम पृथ्वीवर पहिल्यांदा हाती लागला १८९५ मध्ये, पुन्हा रॅम्सेंनाच, युरेनियमच्या एका खनिजातून.

टिगची सुरुवात झाली ती हेलियमवर. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनी मॅग्नेशियमचं विमान बांधू पाहत होती. मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, त्यामुळे नेहमीचं वेल्डिंग चालेना. रसेल मेरेडिथ याने टंगस्टनची कांडी आणि हेलियमची धार एकत्र आणली. १९४२ मध्ये पेटंट मिळालं, पद्धतीला नाव पडलं ‘हेलिआर्क’. अमेरिकेच्या नैसर्गिक वायूच्या विहिरींत हेलियम मुबलक निघत होता, म्हणून हेलियम. दुसरं कारण शोधत बसायला नको. भारताला मात्र जवळजवळ सगळा हेलियम आयात करावा लागतो. २०१७ मध्ये शेजारी देशांनी हेलियम पुरवणाऱ्या कतारची कोंडी केली तेव्हा जगभर हेलियमची ओढाताण झाली. तेव्हा कडेगावच्या शेडमध्ये हेलियमचा सिलिंडर दिसत नाही, यात नवल नाही.

आर्गॉन मात्र कारखान्यात ऑक्सिजन काढताना मिळतोच. हवा थंड करून द्रव केली की नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आर्गॉन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. आर्गॉन आणि ऑक्सिजन यांच्यात तीनच अंशांचं अंतर, त्यामुळे वेगळं करणं कटकटीचं, पण पोलाद कारखान्यांना ऑक्सिजन लागतो तिथे आर्गॉन सोबत निघतो आणि म्हणून परवडतो. या नात्याची दुसरी बाजू एप्रिल २०२१ मध्ये दिसली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने उद्योगांचा ऑक्सिजन जवळपास बंद केला, आणि आर्गॉन-नायट्रोजनचे सिलिंडर आणि टँकर बदल करून ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी दिली.

आता दोघांच्या अंगच्या गुणांकडे. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड. आडव्या जोडावर सोडला की तो तिथेच बसून राहतो. हेलियम हवेच्या सातव्या हिश्श्याएवढा हलका, सुटला की वर पळतो. तेवढंच झाकायला त्याची धार दुप्पट-तिप्पट लागते. आर्गॉनमध्ये ठिणगी चटकन पेटते आणि स्थिर राहते. हेलियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे तेवढ्याच अँपिअरला व्होल्टेज चढतं आणि धातूत उष्णता जास्त उतरते. हा हेलियमचा एकमेव मोठा गुण. जाड ॲल्युमिनियम किंवा तांबं उष्णता इतक्या वेगाने पसरवतात की आर्गॉनची ठिणगी हरते. तिथे आर्गॉनमध्ये २५ ते ७५ टक्के हेलियम मिसळतात. ज्याच्याकडे हेलियम नाही तो गॅसच्या बर्नरने जॉब आधी तापवून घेतो, अँपिअर वाढवतो आणि काम निभावतो. ऊसपट्ट्यातल्या वर्कशॉपला हा दुसरा मार्गच व्यवहाराचा.

ॲल्युमिनियमची अडचण मात्र उष्णतेपुरती नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरची ऑक्साइडची कातडी २,०७२ अंशांना. आत पाणी झालं तरी वर कातडी तशीच. म्हणून एसी करंट लावतात. प्रवाह उलटला की त्या अर्ध्या फेरीत कातडी फुटून साफ होते. ही सफाई आर्गॉनमध्ये चांगली होते, निव्वळ हेलियममध्ये रडतखडत. मोटरसायकलच्या इंजिनाचं फुटलेलं कव्हर घेऊन आलेल्या माणसाला हे माहीत नसतं, पण जोडाच्या दोन्ही कडांना उमटलेला दुधी पांढरा पट्टा त्याला दिसतो. सफाई झाल्याची ती खूण.

खरा मोह पडतो तो शेडमध्येच उभ्या असलेल्या दुसऱ्या सिलिंडरचा. ट्रॉली, गेट, शेडचे खांब यांसाठी हल्ली ‘सीओटू’, म्हणजे मिग, मशीन सगळीकडे आलंय. काही जण त्यावर आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लावतात, साधारण ८० ला २०. टिगचा सिलिंडर दुपारी संपतो, दूधवाल्याची टाकी संध्याकाळी द्यायची असते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘यात पण आर्गॉनच आहे की, लाव.’ पाइप बदलला जातो, टॉर्च पेटते. पहिल्या काही सेकंदांतच ठिणगीचा आवाज बदलतो, सरसर एकसारखा होता तो तडतडायला लागतो. टंगस्टनचं टोक, जे नीट घासून पेन्सिलीसारखं केलेलं असतं, ते फुगून वेडंवाकडं होतं. थांबून कप काढला तर कांडी काळी-निळी आणि तिच्यावर पिवळसर भुकटी. टंगस्टन वितळायला जवळजवळ साडेतीन हजार अंश लागतात हे खरं, पण ऑक्सिजन मिळाला तर तो त्याच्या कितीतरी आधी जळतो, आणि ठिणगीच्या उष्णतेने कार्बन डायऑक्साइड फुटून तोच ऑक्सिजन देतो. जोडातही टंगस्टनचे कण गेलेले असतात. आता तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही, कांडी तोडून पुन्हा घासायची ती वेगळीच. मिगच्या मिश्रणात पाच टक्केच कार्बन डायऑक्साइड असला तरी टिगसाठी ते मिश्रण बाद.

हायड्रोजनचा मोह अधिक शहाणा आहे. ३०४ किंवा ३१६ जातीच्या स्टीलवर आर्गॉनमध्ये २ ते ५ टक्के हायड्रोजन असला तर ठिणगी तापते, वेग वाढतो, जोड चकचकीत निघतो. पाइप बनवणाऱ्या यंत्रांवर हे मिश्रण चालतं. पण तोच सिलिंडर ॲल्युमिनियमला लावला तर घात. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर विरघळवतं, थिजलेलं जवळपास नाही, आणि थिजता थिजता तो बुडबुडे होऊन अडकतो. मुशीतल्या चांदीचीच गत, फक्त वायू वेगळा. कडक होणाऱ्या पोलादात हायड्रोजन शिरला तर जोड आज धड दिसतो आणि उद्या तडकतो. ज्या शेडमध्ये सकाळी टाकी आणि दुपारी इंजिनाचं कव्हर येतं, तिथे असा सिलिंडर न ठेवलेला बरा. नायट्रोजन टॉर्चमधून सोडला तर टंगस्टन खातो. डुप्लेक्स स्टीलसाठी आर्गॉनमध्ये दोनेक टक्के मिसळतात, पण ते काम रासायनिक कारखान्यांचं.

कृष्णाकाठच्या या भागात टिगचं सगळ्यात नाजूक काम कोणतं म्हणाल तर दुधाचं. भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू केला तेव्हा दूध घागरी-बरण्यांतून फिरत होतं. आज कुठल्याही डेअरीत ते स्टीलच्या नळ्यांतून फिरतं, आणि त्या नळ्या उघडून घासत नाहीत. आतून कॉस्टिक सोडा आणि नायट्रिक आम्लाचं पाणी खेळवून धुतात. त्यामुळे जोडाच्या आतल्या बाजूला भेग, खड्डा, खरपुडी काही राहिलं की तिथे दुधाचा अंश धरतो आणि जंतू घर करतात.

स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम हवेशी संयोग करून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी चिलखती कातडी बनवतं. पण तापलेल्या स्टीलला हवा लागली तर हेच क्रोमियम जाड, पोकळ ऑक्साइडात खर्ची पडतं. टॉर्च बाहेरून झाकते. नळीच्या आत मात्र हवाच असते. बाहेरून चांदीसारखा दिसणारा जोड आडवा कापून पाहिला तर आत काळी दाणेदार खरपुडी, नखाने खरवडली तर हाताला लागणारी. असा जोड वर्षाच्या आत गंजू शकतो, आणि दोष स्टीलच्या व्यापाऱ्यावर जातो.

उपाय म्हणजे आतही आर्गॉन भरणं, पर्जिंग. नळीची दोन्ही तोंडं फोम किंवा टेपने बंद करायची, एका बाजूने खालच्या अंगाला आर्गॉन सोडायचा, दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला बारीक भोक ठेवायचं. आर्गॉन जड, तो तळाशी साचत जातो आणि हवेला वर ढकलून बाहेर काढतो. भोक खाली ठेवलं तर आर्गॉन निघून जातो आणि हवा आत राहते. ही चूक आश्चर्य वाटेल इतकी आढळते. दोन इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण पावणेदोन-दोन लिटर हवा मावते. सहा मीटरच्या नळीत अकरा-बारा लिटर. निदान पाच-सहा पट वायू वाहू द्यायचा म्हणजे मिनिटाला १० लिटरने सहा-सात मिनिटं. एवढी वाट पाहण्याचा कंटाळा येतो, म्हणून दोन मिनिटांत टॉर्च पेटते. आतला रंग पाहिला की कुणी किती वाट पाहिली ते कळतं: चांदी किंवा फिकट सोनेरी चालेल, निळा म्हणजे घाई झाली, काळा म्हणजे कापून टाका. ३०४ च्या नळीत पर्जिंगसाठी नायट्रोजन चालून जातो आणि स्वस्तही पडतो. इथे ‘फक्त आर्गॉन’चा आग्रह थोडा सैल करायला हरकत नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यात, वांगीच्या सोनहिरासारख्या साखर कारखान्यांच्या आसपास, याउलट चित्र असतं. गाळप हंगामाआधीच्या दुरुस्तीत जाड पोलादी पत्र्याला रॉडचं वेल्डिंगच योग्य. तिथे टिगचा हट्ट धरणं म्हणजे वेळ आणि वायू दोन्ही वाया. टिग लागतं ते पातळ स्टीलच्या नळ्यांना आणि जाड नळीच्या पहिल्या, मुळाशी जाणाऱ्या थराला.

वायू बरोबर निवडला आणि तरी जोडाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली, तर पहिला हुकूम ठरलेला: ‘गॅस वाढव.’ बहुतेकदा तो चुकीचा असतो. साधारण कपातून मिनिटाला ८ ते १२ लिटर आर्गॉन शांतपणे वाहतो. २० वर नेला की धार भोवरे घेते आणि बाजूची हवा आत ओढते. खर्च दुप्पट, संरक्षण कमी. कारणं बाहेर शोधावी लागतात. आषाढात या माळावर वारा सुटतो तो आडपडदा जुमानत नाही; ताशी सात-आठ किलोमीटरच्या झुळकीनेही आर्गॉनचं पांघरूण उडतं. उन्हाळ्यात वारा नसतो तर कारागिराच्या पाठीशी टेबल फॅन असतो. पाइपला बारीक चीर असते, आणि तिच्यातून आर्गॉन बाहेर जातो तशी हवा आतही येते. टॉर्चची मागची टोपी सैल असते. फिलर वायरला हाताचं तेल लागलेलं असतं. ठिणगी विझल्यावर टॉर्च लगेच उचलली जाते, वास्तविक दर १० अँपिअरमागे एक सेकंद या हिशेबाने वायू चालू राहू द्यावा लागतो. लाल टंगस्टन उघडा पडला की जळतो.

सिलिंडरची शुद्धता हा शेवटचा संशयित, पहिला नव्हे. ९९.९९ टक्के आर्गॉनमध्ये दहा हजारात एक भाग बाकीचं काही असतं, ९९.९९९ मध्ये लाखात एक. स्टील आणि ॲल्युमिनियमला पहिला बहुधा पुरतो, टायटॅनियमला दुसराच हवा. भरलेल्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू असतो. मिनिटाला ८ लिटरने चौदा-साडेचौदा तास ठिणगी चालते. तळाचा वायू ओरपून काढू नये, थोडा दाब ठेवूनच सिलिंडर परत द्यावा. रिकाम्या सिलिंडरची चावी उघडी राहिली तर दमट हवा आत शिरते आणि पुढच्या भरतीत ती कुणाच्या तरी जोडात उतरते.

आर्गॉन विषारी नाही, जळत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. घात होतो तो याच गुणांनी. दुधाच्या टँकरच्या आतली चीर जोडायला माणूस मॅनहोलमधून खाली उतरतो, टॉर्च आत, टाकीचं तोंड वर. जड आर्गॉन तळाशी साचत वर चढतो आणि ऑक्सिजनला ढकलतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे आतल्या माणसाला धाप लागत नाही, तो सरळ कोसळतो. त्याला काढायला उडी मारणारा दुसराही तिथेच पडतो. आत ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडणं, मॅनहोलपाशी दुसरा माणूस बसवणं, जेवायच्या सुट्टीत टॉर्च टाकीत न ठेवता सिलिंडर बंद करणं, आणि आतल्या हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, ही त्या कामाची बंधनं. ऑक्सिजन मोजायचं उपकरण खिशात मावेल एवढं असतं.